रंगांनी दगा दिला, रेषेनं साथ दिली : लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगरापासून लेथपर्यंत कसे पोहोचले?

जळगाव जामोद म्हटलं की सातपुड्याचा पायथा आठवतो, कापूस आठवतो, अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आठवतो. लेथ मशीन कुणालाच आठवत नाही.

पण ऐन हंगामात जिनिंगमधला शाफ्ट गेला, नाहीतर पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटरची पिन झिजली, की सगळी धावपळ तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपकडेच होते. तिथं कोपऱ्यात तेलानं काळं पडलेलं एक लांबलचक मशीन असतं. टर्नर चकमध्ये लोखंडाचा तुकडा पकडतो, मशीन चालू करतो, हँडल फिरवतो आणि टूल त्या फिरत्या लोखंडावरून सावकाश सरकायला लागतं. लोखंडाचा कीस वळवळत खाली पडतो आणि तासाभरात नवा शाफ्ट हातात येतो.

हे बघताना सगळ्यांचं लक्ष फिरणाऱ्या लोखंडाकडे असतं. खरी करामत मात्र खाली असते. टूल ज्याच्यावर बसलेलं आहे तो सॅडल, लेथच्या बेडवरच्या दोन उंच पट्ट्यांवरून सरकत असतो. त्या पट्ट्या जेवढ्या सरळ, तेवढाच शाफ्ट सरळ. पट्टी जिथं झिजली, तिथं शाफ्टही चुकला.

आपल्याकडे अशी सरळ पट्टी बनवायला शिकायलाच खूप वर्षं गेली. त्या प्रवासातलं एक मोठं नाव म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांची ओळख लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून आहे. पण नांगरापासून लेथपर्यंतचा रस्ता जरा वेगळा आहे, आणि तो समजला की त्यांच्या कामाची उंची जास्त नीट कळते.

आधी तो काळ कसा होता ते बघू.

१८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस या रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायला लागला. पाठोपाठ जिन आले, प्रेस आले. पण ही सगळी यंत्रं बाहेरची. इंजिन इंग्लंडचं, बॉयलर इंग्लंडचा, आणि मोडलेला भाग दुरुस्त करायचं लेथसुद्धा तिकडचंच. शेतात मात्र तेच लाकडी नांगर आणि वखर.

रेल्वे नागपूरला पोहोचली त्यानंतर दोन वर्षांनी, २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावात लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, संस्कृत, शास्त्रचर्चा. या मुलाला मात्र शाळेच्या अभ्यासात फारसा रस नव्हता. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्र काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. त्या काळच्या शिकलेल्या ब्राह्मण घरात या दोन्ही गोष्टी कामाच्या समजल्या जात नव्हत्या. वडिलांना हे पसंत नव्हतंच. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं गेली आणि मोठा घोळ समोर आला. लक्ष्मणरावांना काही रंगच नीट ओळखता येत नव्हते. अंशतः रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायला आलेल्या तरुणासाठी हा निकालच होता. घरच्यांशी वाद घालून मुंबई गाठलेली, आणि आता परत कोणत्या तोंडानं जायचं?

ते परत गेले नाहीत. रंग नव्हते तरी रेषा होती. यांत्रिक आरेखन, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, या विषयाला रंग लागत नाही. लागते ती अचूक रेषा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, १८८७ साली सुरू झालं होतं. तिथं लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून लागले.

शिकवण्याची वेळ संपली की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. कागदावर काढलेली रेषा लोखंडात कशी उतरते हे त्यांना तिथं बघायला मिळालं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे काही शिकले ते हातानं, आणि अमेरिकेतून येणारी तांत्रिक मासिकं वाचून.

याच काळात मुंबईत सायकल दिसायला लागली होती. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, वर चालवायलाही शिकवायचं, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो ती यामुळंच.

नोकरी सुटली ती अपमानामुळं. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. ठरवलं एवढंच, की आता दुसऱ्याची चाकरी करायची नाही.

बेळगावच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मोजकीच यंत्रं होती. त्यात एक लहान लेथ होतं. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. हात पुढं गेला तो लोखंडी नांगराकडे. विलायती नांगर बाजारात होते, पण महाग, आणि आपल्या जमिनीला, आपल्या बैलांना न मानवणारे. लक्ष्मणरावांनी आपला नांगर बनवला. आणि तो विकलाच जाईना.

शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं. आज हसू येतं, पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. एकच हंगाम, एकच जमीन. प्रयोग फसला तर वर्षभर खायचं काय? बेळगावच्या कुठल्याशा मास्तरानं बनवलेल्या लोखंडावर तो का विश्वास ठेवेल? पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

हळूहळू नांगर चालायला लागला. खोल गेलेली हराळी लाकडी नांगरानं निघत नव्हती, लोखंडी नांगरानं निघायला लागली, आणि शेतकऱ्यानं डोळ्यांनी बघितलं. बाकी कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे जास्त कामाला आलं.

बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं जागा रिकामी करायला सांगितलं. तिथं नवीन वस्ती वसवायची होती. भट्टी, यंत्रं, कामगार सगळं घेऊन जायचं कुठं? त्या सुमारास लक्ष्मणराव औंध संस्थानात देवीच्या देवळाच्या सभामंडपाच्या कामावर होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि वर १०,००० रुपयांचं कर्ज दिलं. गंमत अशी की हे राजे स्वतः चित्रकार. रंग न ओळखता येणाऱ्या माणसाचा कारखाना एका चित्रकाराच्या जमिनीवर उभा राहिला.

जमीन कसली, माळरानच. निवडुंग, दगड आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथं किर्लोस्करवाडीचा पाया पडला. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे, आणि कुंडल रोड स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

सोबत आलेली माणसं बघितली तर हा कारखाना चालेल असं कुणी म्हटलं नसतं. हिशेब बघायला मंगेशराव रेगे. यंत्रांसाठी शंभूराव जांभेकर. शिक्षण अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर. पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी. वसाहत उभी करायला रामूअण्णा. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगातून सुटून आलेली माणसं होती. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा नियम होता, आणि १९१० च्या आसपास हा नियम सोपा नव्हता.

आता नांगराकडे जरा यंत्रवाल्याच्या नजरेनं बघू.

नांगर बनवायला चांगलं ओतकाम लागतं, चांगला फाळ लागतो. पण अचूकता फार लागत नाही. दोन भागांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी नांगर चालतो. उसाचा चरक आला, भुईमूग फोडायचं यंत्र आलं, की थोडी जास्त अचूकता लागते. पंप आला की काम अवघड होतं. पंपाचा शाफ्ट जरा जरी वाकडा असला तर बेअरिंग खातो, थरथरतो आणि पाणी गळायला लागतं. तो शाफ्ट लेथवर होतो, म्हणजे लेथ त्याच्यापेक्षा सरळ हवं. मग लेथच बनवायचं ठरवलं तर?

इथं खरी अडचण सुरू होते. सरळ वस्तू बनवायला सरळ यंत्र लागतं, आणि ते सरळ यंत्र बनवायला आणखी सरळ यंत्र. मग जगातली पहिली सरळ पट्टी आली कुठून?

याचं उत्तर इंग्लंडमध्ये १८०० च्या आसपास सापडलं. हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिरानं टूल हातात धरण्याऐवजी ते लोखंडी सरकपट्टीवर बसवलं आणि सपाट पृष्ठभागाचा ध्यासच घेतला. त्याच्या तालमीत तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थनं पद्धत पक्की केली. तीन लोखंडी प्लेट घ्यायच्या. एकीवर रंगाचा पातळ थर लावून दुसरीवर ठेवायची. जिथं रंग लागला तो उंचवटा, तो स्क्रॅपरनं खरवडून काढायचा. मग दुसरी आणि तिसरी, मग तिसरी आणि पहिली. दोनच प्लेट असतील तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊनही त्या एकमेकींवर चपखल बसू शकतात. तिन्ही एकमेकींवर बसायच्या असतील तर तिन्ही सपाट असण्यावाचून पर्यायच राहत नाही. म्हणजे सपाटपणा यंत्रातून आला नाही. तो हातानं, खरवडून खरवडून आला. आजही चांगल्या मशीनचा बेड असाच स्क्रॅप होतो. फिटर ब्लू लावतो, ठिपके बघतो आणि परत खरवडतो.

लेथच्या बेडला किती सरळपणा लागतो? चांगल्या लेथला मीटरभर लांबीत साधारण दोन शतांश मिलिमीटर एवढाच फरक चालतो. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. वर अडचण अशी की नुकतंच ओतलेलं बिडाचं लोखंड आतल्या ताणामुळं हळूहळू वाकतं. म्हणून जुने कारखानदार ओतलेले बेड महिनोन्महिने उघड्यावर ऊनपावसात टाकून ठेवायचे, आणि ते शांत झाले की मगच कापायला घ्यायचे. पैसा अडकून पडायचा तो वेगळाच.

आता पट्टी सरळ झाली. पण तिचा आकार कसा ठेवायचा? इथं वेगवेगळे प्रकार आहेत, आणि प्रत्येकाची तऱ्हा न्यारी.

सगळ्यात साधी म्हणजे सपाट पट्टी, आजच्या भाषेत बॉक्स वे. रुंद असते, भरपूर वजन पेलते, धक्के पिऊन टाकते. पण सॅडल आडवा हलू नये म्हणून बाजूला गिब नावाची पातळ पट्टी घालून स्क्रूनं आवळावी लागते. ती सैल पडली की प्ले येतो, जास्त आवळली की सॅडल अडखळत सरकतो.

दुसरी उलट्या व्ही आकाराची, घराच्या छपरासारखी. सॅडलला खाली तसाच खाचा असतो, त्यामुळं तो आपोआप मधोमध बसतो. झीज झाली तरी वजनानं खाली बसून फट भरून काढतो. आणि तिरप्या अंगावर कीस टिकत नाही, घसरून पडतो.

मग दोन्ही पट्ट्या व्ही का करू नयेत? कारण दोन व्ही एकमेकींना तंतोतंत समांतर नसल्या तर सॅडल कुठंतरी अडकणारच. म्हणून बहुतेक लेथमध्ये पुढची पट्टी व्ही असते आणि मागची सपाट. पुढची दिशा ठरवते, मागची फक्त वजन उचलते. बैलगाडीच्या दोन्ही बैलांनी वाट ठरवायची म्हटलं तर गाडी शेतात जाते, तसाच प्रकार. वर्कशॉपमध्ये गेलात तर लेथकडे वाकून बघा, ही जोडी लगेच दिसेल.

तिसरा प्रकार डोव्हटेल. पारव्याच्या शेपटीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद. लेथवर टूल आडवं पुढंमागं करणारी क्रॉस स्लाइड असते ती यावर सरकते. ही पट्टी खालून, वरून, बाजूनं सगळीकडून धरून ठेवते आणि जागाही कमी घेते. पण घर्षण जास्त, आणि घासूनपुसून नीट बसवायला वेळ खाते.

चौथा सगळ्यात स्वस्त, गोल दांडा आणि त्यावर सरकणारा बुश. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या खांबांवरून वजनदार प्लेट वरखाली होते ती काहीशी याच तत्त्वावर. उभ्या दिशेला हे छान चालतं. आडवा लांब दांडा दोन टोकांनाच पकडला तर मात्र मधे वाकतो. हलक्या कामाला ठीक आहे, जाड लोखंड कापायला नाही.

पाचवा प्रकार लक्ष्मणरावांच्या काळात नव्हता. कडक केलेली स्टीलची रेल आणि तिच्यावर छर्रे भरलेला ब्लॉक. ब्लॉक सरकला की आतले छर्रे गोल फिरत पुन्हा पुढं येतात. जपानच्या टीएचके कंपनीनं १९७२ साली हे एलएम गाइड बाजारात आणलं, आणि आज सीएनसी मशीनवाल्यांच्या तोंडी हाच शब्द असतो. घासणाऱ्या पट्टीत घर्षणाचा गुणांक साधारण ०.१ च्या वर असतो, इथं तो हजारांशात येतो. म्हणून ते बोटानं ढकललं तरी पळतं, आणि केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर न अडखळता सरकतं. खराब झालं तर बोल्ट काढून नवीन बसवता येतं, खरवडत बसावं लागत नाही.

मग जुन्या पट्ट्या मोडीत का निघाल्या नाहीत? कारण छर्रे धक्का पीत नाहीत. जड काप घेताना सपाट पट्टीवरची तेलाची चादर आणि बिडाचं लोखंड थरथर गिळून टाकतं, छर्रे ती तशीच पुढं पाठवतात. म्हणून मोठी कापणी करणाऱ्या सीएनसी मशीनमध्ये आजही बॉक्स वे मागून घेणारे कारखानदार आहेत. धुळीचा विचार केला तर आणखी फरक पडतो. कापसाचे तंतू, मातीची भुकटी छऱ्यांमध्ये शिरली तर रेलला खड्डे पडतात. त्यामुळं सील सांभाळावी लागतात, ग्रीस वेळेवर द्यावं लागतं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या धुळीत, शटर उघडं टाकून चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये बिडाची पट्टी दोन वेळा तेल मारलं की वर्षानुवर्षं काम देते. तिथं उगाच एलएम गाइडच्या मागं लागण्यात अर्थ नाही.

पुन्हा किर्लोस्करवाडीकडे वळू.

पहिल्या महायुद्धानं लक्ष्मणरावांना दोन्ही बाजूंनी धरलं. विलायती नांगर येणं बंद झालं म्हणून मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. लढाईसाठी ओतलेलं लोखंड शेतात उतरलं.

युद्धानं एक गोष्ट नीट दाखवून दिली. तोफेचा नांगर करता आला, पण लेथ मोडलं असतं तर? त्याला तोफ वितळवून भागलं नसतं. परदेशातून जहाज आलं तरच नवीन लेथ, नाहीतर कारखाना बंद.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची बातमीपत्रिका सुरू केली, तिचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. मराठी घरांत हे नाव नांगरापेक्षा मासिकानंच जास्त पोहोचलं असेल. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. बापानं जे मासिकं वाचून आणि हात काळे करून शिकलं, ते मुलगा वर्गात शिकून आला होता. पंपांचं काम वाढलं, कारखान्याला लागणारी अचूकताही वाढत गेली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ चीच अडचण मोठ्या प्रमाणात परत आली. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका सगळ्यांची लेथ मशीन आपापल्या युद्धाच्या कामाला जुंपलेली. हिंदुस्थानात मागणी प्रचंड आणि माल नाही. १९४१ साली म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी सुरू झाली. काम एकच, यंत्रं बनवणारी यंत्रं बनवणं. सरकारी एचएमटी कंपनी बेंगळुरूला आली ती १९५३ साली, म्हणजे बारा वर्षांनी.

हरिहर हे पुढच्या पिढीचं काम होतं, लक्ष्मणराव तेव्हा सत्तरी ओलांडलेले. पण नीट बघितलं तर ही साखळी त्यांनीच सुरू केलेली. पदवी नसलेल्या माणसांना हाताशी धरून ओतकाम शिकवलं, फिटर घडवले, टर्नर घडवले. बेडवर ब्लू लावून ठिपके वाचणारा फिटर पैसे टाकून बोटीनं मागवता येत नाही. तो घडायला वर्षं लागतात, आणि घडवायला असा कारखाना लागतो जिथं चुकलेला जॉब बघून माणसाला हाकलून देत नाहीत.

१९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज गावोगाव पोहोचला तो इथून. इंजिनाचा सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, सगळ्यांना लेथ लागतंच. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागलेल्या माणसाला हे सगळं डोळ्यांनी बघायला मिळालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ साली जन्मशताब्दीच्या दिवशी भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर पुढं बंद पडली. पण तिची 'एंटरप्राइज' आणि 'टर्नमास्टर' ही लेथ मशीन जुन्या बाजारात अजून फिरतात आणि गिऱ्हाईक ती विचारत येतं. अशी जुनी मशीन घेताना जाणकार टर्नर रंगाकडे ढुंकूनही बघत नाही. रंग कालच मारलेला असू शकतो. तो सॅडल चकजवळ नेतो आणि प्ले निघेल इतपत गिब आवळतो. मग सॅडल सावकाश टेलस्टॉककडे ढकलत नेतो. बहुतेक कामं चकजवळच होतात, त्यामुळं बेड तिथंच सगळ्यात जास्त झिजलेला असतो, आणि पलीकडचा भाग जवळपास नव्यासारखा. सॅडल चकजवळ मोकळा सरकतो आणि टेलस्टॉककडे जाताना घट्ट होत अडकतो, तेवढी त्या बेडची झीज. अशा मशीनवर केलेला शाफ्ट चकजवळ किंचित जाड राहतो. सॅडल शेवटपर्यंत एकसारखा सरकला, तर टर्नर खिशातला फोन काढतो आणि टेम्पोवाल्याला भाडं विचारतो.